एकचल कालश्रेणी विश्लेषण

एकचल कालश्रेणी विश्लेषण ही संख्याशास्त्राची एक शाखा आहे. ठरावीक कालांतराने नोंदवलेल्या एकाच राशीच्या मूल्यांची क्रमवार मालिका घेऊन तिची अंतर्गत रचना ओळखणे आणि त्या रचनेच्या आधारे पुढील मूल्यांचा अंदाज वर्तवणे, हे या शाखेचे कार्य होय. अशा मालिकेस कालश्रेणी म्हणतात. पर्जन्यमानाचा अंदाज करताना समुद्रपृष्ठाचे तापमान, हवेचा दाब, हिमाच्छादन अशा इतर राशींचा आधार घेतला तर ते विश्लेषण बहुचल ठरते. पावसाच्याच जुन्या नोंदींवरून पुढचा पाऊस सांगू पाहिल्यास ते एकचल ठरते. एकचल प्रतिमानाजवळ श्रेणीच्या स्वतःच्या गतकाळाखेरीज दुसरे काहीही नसते. त्यामुळे त्या गतकाळात भविष्याविषयी काही माहिती आहे का, हा येथील पहिला प्रश्न असतो.

भारतात या प्रश्नाला सर्वाधिक महत्त्व आले ते मोसमी पावसाच्या संदर्भात, आणि त्या अभ्यासाचे एक मुख्य केंद्र पुणे हे आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले. १९४४ मध्ये ते दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या वास्तूला आणि चौकाला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात. १९६२ साली पुण्यातच सुरू झालेली आणि आता पाषाण येथे असलेली भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था ही देशाच्या पर्जन्यमानाच्या १८७१ पासूनच्या एका प्रसिद्ध कालश्रेणीची निर्माती आहे. प्रस्तुत लेखातील बरीचशी उदाहरणे याच श्रेणीतून घेतली आहेत.

श्रेणीचे घटक

परंपरेने कालश्रेणीचे चार घटक मानले जातात: दीर्घकालीन कल, ऋतुमानी बदल, चक्रीय बदल आणि यादृच्छिक बदल. शालेय पाठ्यपुस्तकांतही हीच विभागणी आढळते. पहिले दोन घटक सहसा डोळ्यांना दिसतात आणि चौथा गृहीत धरावा लागतो. वाद होतात ते तिसऱ्या घटकावरून, म्हणजे चक्रांवरून.

ऋतुमानी बदलाचे उदाहरण म्हणून पुण्याच्या कमाल तापमानाची मासिक श्रेणी पाहता येईल. एप्रिल महिन्यात सरासरी कमाल तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पावसाळ्यात ते दहाएक अंशांनी उतरते. ऑक्टोबरमध्ये आकाश निरभ्र होताच ते पुन्हा वर चढते आणि थंडी सुरू झाली की परत खाली येते. वर्षात शिखरे दोन असल्यामुळे या श्रेणीचे वर्णन एकाच साध्या लाटेने होत नाही. बारामाही आवर्तनाच्या जोडीला सहामाही आवर्तनही घ्यावे लागते. ज्याला पुणेकर ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून वैतागतात, ते गणितात असे दुसऱ्या लाटेच्या रूपाने अवतरते. कल आणि ऋतुमान वजा केल्यावर जे उरते, त्याला विचलन म्हणावे. एकचल प्रतिमानाचे खरे काम या विचलनांपासून सुरू होते.

श्रेणीची स्मृती

आजचे तापमान सरासरीपेक्षा चढे असेल तर उद्याचेही चढेच असण्याचा संभव अधिक असतो. आजचा आणि उद्याचा हा संबंध मोजणाऱ्या गुणकाला स्वसहसंबंध गुणक म्हणतात. तो एका कालखंडाच्या अंतराचा, दोन कालखंडांच्या अंतराचा, असा कितीही अंतरांचा काढता येतो. त्याचे मूल्य उणे १ ते अधिक १ या मर्यादेत राहते. शून्याच्या आसपासचे मूल्य म्हणजे श्रेणीला त्या अंतरावर स्मृती नाही, असा अर्थ होतो.

ही स्मृती येते कोठून, हे खडकवासला साखळीतील धरणांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकत्रित उपयुक्त क्षमता सुमारे २९ टीएमसी आहे. आजचा साठा म्हणजे कालचा साठा, अधिक आलेले पाणी, वजा सोडलेले पाणी. एका दिवसात येणारे वा जाणारे पाणी एकूण साठ्याच्या मानाने बहुधा थोडे असते. म्हणून आजच्या साठ्यावरून उद्याच्या साठ्याचा अंदाज जवळजवळ अचूक करता येतो. त्याच पाणलोटात पडणाऱ्या रोजच्या पावसाची गोष्ट वेगळी आहे. आज १०० मिलिमीटर पाऊस झाला म्हणून उद्या किती होईल, हे तितक्या खात्रीने सांगता येत नाही. धरणाच्या श्रेणीला स्मृती असते, कारण तेथे पाणी साठते. निसर्गातही जेथे उष्णता किंवा पाणी साठवणारे कोठार असते, तेथील श्रेणी दीर्घस्मृती असते. अशा कोठारांत समुद्र सर्वांत मोठा आहे.

या कल्पनेचे सर्वांत सोपे गणिती रूप पुढीलप्रमाणे आहे:

आजचे विचलन = फ × कालचे विचलन + नवा धक्का

यास पहिल्या कोटीचे स्वसमाश्रयण प्रतिमान म्हणतात. ‘फ’ हा स्थिर गुणक होय. ‘नवा धक्का’ म्हणजे गतकाळाशी संबंध नसलेला यादृच्छिक भाग. फ ०.७ आहे असे मानू. आजचे तापमान सरासरीपेक्षा ४ अंशांनी अधिक असेल, तर उद्याचा अंदाज सरासरीपेक्षा २.८ अंश अधिक, परवाचा सुमारे २ अंश अधिक आणि सात दिवसांनंतरचा अवघा ०.३ अंश अधिक असा येतो. अंदाज जितका दूरचा, तितका तो सरासरीकडे ओढला जातो. हा प्रतिमानाचा दोष नव्हे. दूरच्या काळाविषयी श्रेणीजवळ सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही, याची ती कबुली आहे.

यूल आणि वॉकर

स्वसमाश्रयणाची कल्पना ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज उडनी यूल यांनी १९२७ साली सूर्यावरील डागांच्या वार्षिक संख्येचा अभ्यास करताना मांडली. हे डाग सुमारे अकरा वर्षांच्या आवर्तनाने वाढतात आणि घटतात, पण घड्याळासारख्या नेमकेपणाने नव्हे. यूल यांनी त्यासाठी एक मार्मिक दृष्टांत दिला. लंबक आपल्या गतीने झुलत आहे आणि खोलीत शिरलेली मुले त्याच्यावर वाटाणे फेकून मारत आहेत, अशी कल्पना करावी. लंबकाचा झोका चालू राहतो, मात्र प्रत्येक वाटाण्याने त्याची चाल थोडी बिघडते आणि तो बिघाड पुढच्या झोक्यांतही उतरतो. त्याआधी चक्रे शोधणारे अभ्यासक श्रेणीला ठरावीक लांबीच्या लाटांची बेरीज मानत आणि उरलेल्या भागास निरीक्षणातील चूक समजत. यूल यांच्या प्रतिमानात धक्का हा श्रेणीच्या घडणीचाच भाग ठरला.

या प्रतिमानाचा विस्तार ज्यांनी केला, ते गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात भारतीय वेधशाळांचे महासंचालक होते. ते मूळचे केंब्रिजचे गणिती. श्रीनिवास रामानुजन यांना मद्रास विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळावी म्हणून १९१३ साली शिफारस करणाऱ्यांतही त्यांचे नाव आहे. १८७७ आणि १८९९ च्या भीषण अवर्षणांनंतर सरकारला पावसाचा आगाऊ अंदाज हवा होता. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील हिमवर्षावावरून असे अंदाज देण्यास १८८६ मध्ये आरंभ केला होता. वॉकर यांनी जगभरच्या वेधशाळांचे आकडे जमवले आणि पॅसिफिक व हिंदी महासागर यांमधील हवेच्या दाबाचा लंबकासारखा चढउतार शोधून त्याला ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव दिले. आज ज्याची चर्चा एल निन्योसोबत होते, ते हेच.

निवृत्तीनंतर लंडनमध्ये असताना, १९३१ साली, वॉकर यांनी ऑस्ट्रेलियातील डार्विन बंदराच्या हवेच्या दाबाच्या त्रैमासिक नोंदींना यूल यांचे प्रतिमान लावून पाहिले आणि ते कितीही मागच्या मूल्यांसाठी वापरता येईल अशा सर्वसाधारण रूपात मांडले. स्वसहसंबंधांवरून प्रतिमानाचे गुणक काढून देणारी समीकरणे तेव्हापासून ‘यूल-वॉकर समीकरणे’ या नावाने ओळखली जातात. भारतातील दुष्काळाच्या चिंतेतून निघालेला हा धागा आज अभियांत्रिकी, अर्थशास्त्र आणि ध्वनिविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत पोहोचला आहे. वाचकाला त्याचा उगम सहसा ठाऊक नसतो.

कालानुसार बदलणाऱ्या यादृच्छिक फलनांच्या सिद्धांतात पुण्याचे आणखी एक नाव येते. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४३ साली अशा फलनांच्या पृथक्करणाची जी रीत प्रसिद्ध केली, ती पुढे कारहुनेन आणि लोएव्ह या दोन पाश्चात्त्य गणितज्ञांच्या नावाने रूढ झाली.

अरिमा प्रतिमाने

जॉर्ज बॉक्स आणि ग्विलिम जेंकिन्स यांच्या १९७० सालच्या ग्रंथाने एकचल विश्लेषणाला सुसूत्र कार्यपद्धती दिली. त्यांच्या प्रतिमानकुलास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘अरिमा’ म्हणतात. त्यात स्वसमाश्रयणाच्या जोडीला मागील धक्क्यांची चल सरासरी असते. श्रेणी स्थिर नसेल तर तिचे आधी अंतरण केले जाते. सरासरी, प्रसरण आणि स्वसहसंबंध काळानुसार बदलत नाहीत ती श्रेणी स्थिर होय. पुण्याची लोकसंख्या किंवा बाजारातील किंमत यांच्या श्रेणी स्थिर नसतात. अशा वेळी मूळ आकड्यांऐवजी लगतच्या दोन आकड्यांमधील फरकांची श्रेणी घेतात.

प्रतिमान निवडणे, त्याचे गुणक काढणे आणि मग अवशेषांची तपासणी करणे, असा हा क्रम आहे. तिसरी पायरी अनेकदा उरकली जाते. वास्तविक प्रतिमानाची कसोटी तेथेच लागते. अवशेषांत स्वसहसंबंध शिल्लक असेल, तर श्रेणीतील काही माहिती प्रतिमानाने वापरलेली नाही, असे समजावे.

मोसमी पावसाची श्रेणी

उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील बी. पार्थसारथी आणि त्यांचे सहकारी यांनी ३०६ पर्जन्यमापन केंद्रांच्या नोंदींवरून जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या अखिल भारतीय पावसाची श्रेणी तयार केली. डोंगराळ प्रदेशांतील केंद्रे विरळ असल्याने ते प्रदेश तीतून वगळले आहेत. १८७१ पासून केंद्रे तीच ठेवल्यामुळे जुन्या आणि नव्या वर्षांची तुलना करता येते. या श्रेणीची सरासरी सुमारे ८५ सेंटीमीटर असून प्रमाण विचलन सरासरीच्या सुमारे १० टक्के आहे. हवामान खाते १९७१ ते २०२० या काळासाठी सांगते ती ८७ सेंटीमीटरची दीर्घकालीन सरासरी वेगळ्या केंद्रसंचावर आधारलेली आहे, म्हणून दोन्ही आकड्यांची सरमिसळ करू नये.

या श्रेणीला स्मृती आहे काय? एका वर्षाच्या अंतराचा स्वसहसंबंध गुणक शून्याच्या जवळपासच येतो. सुमारे १४५ वर्षांच्या, पूर्णपणे यादृच्छिक अशा श्रेणीतही हा गुणक निव्वळ योगायोगाने ०.१७ पर्यंत वर किंवा खाली जाऊ शकतो. त्यामुळे त्या पट्ट्यातील मूल्याला अर्थ चिकटवता येत नाही. गुणक ०.१ आहे असे उदारपणे मानले, तरी त्याच्या वर्गाइतके, म्हणजे शंभरातील एक भाग इतकेच प्रसरण प्रतिमान समजावून देते. अंदाजातील अनिश्चितता १० टक्क्यांवरून ९.९५ टक्क्यांवर येते. गेल्या वर्षीचा पाऊस ठाऊक असल्याचा लाभ एवढाच.

याच श्रेणीत १८७१ ते २०१५ या १४५ वर्षांपैकी २६ वर्षे मोठ्या अवर्षणाची मानली गेली आहेत. म्हणजे कोणतेही एक वर्ष अवर्षणाचे असण्याची संभाव्यता सुमारे १८ टक्के. वर्षे एकमेकांपासून स्वतंत्र असती, तर अवर्षणानंतर लगेच दुसरे अवर्षण सुमारे साडेचार वेळा यायला हवे. प्रत्यक्षात ते पाच वेळा आले: १९०४ नंतर १९०५, १९६५ नंतर १९६६, १९८५ नंतर १९८६, त्यापाठोपाठ १९८७, आणि २०१४ नंतर २०१५. ‘एक वर्ष दुष्काळ पडला की पुढचे वर्ष सहसा तसे जात नाही’ या समजुतीला या आकड्यांत आधार सापडत नाही. दुष्काळी वर्षानंतर दुष्काळ येण्याची शक्यता इतर कोणत्याही वर्षाइतकीच राहते.

समजुतीची दुसरी बाजूही तपासण्याजोगी आहे. याच यादीत अतिवृष्टीची १९ वर्षे आहेत. त्यांपैकी १८७४, १८७८, १९४२, १९७५, १९८३ आणि १९८८ ही सहा वर्षे अवर्षणाच्या लगतची आहेत. स्वतंत्र वर्षांच्या हिशेबाने अशी वर्षे तीन-सव्वातीन अपेक्षित होती. सहा हा आकडा दुप्पट भासतो खरा, परंतु निव्वळ योगायोगानेही दहा वेळांतून एखाद वेळी तो इतका किंवा अधिक येतो. एल निन्योनंतर पुष्कळदा ला निन्या येत असल्याने या निरीक्षणामागे काही तथ्य असणे अशक्य नाही. ते ठरवायचे तर समुद्राच्या नोंदींकडे वळावे लागते. पावसाच्या आकड्यांपुरते राहून हा वाद मिटत नाही.

एकचल प्रतिमानाने दिलेला पुढच्या मोसमाचा अंदाज म्हणून असा असतो: पाऊस सरासरीच्या १०० टक्के, आणि वीसपैकी एकोणीस वेळा ८० ते १२० टक्क्यांच्या दरम्यान. हवामान खात्याच्या वर्गवारीत ९० टक्क्यांच्या खालचा पाऊस अपुरा आणि ११० टक्क्यांच्या वरचा अतिरिक्त मानला जातो. थोडक्यात, तीव्र दुष्काळापासून महापुरापर्यंत सारे काही त्या अंदाजात सामावते. तो खोटा नाही, पण पेरणीचा निर्णय घेणाऱ्या शेतकऱ्याला निरुपयोगी आहे.

आभासी चक्रे

ज्या श्रेणीला स्मृती नसते, तिच्यातही माणसाला चक्रे दिसतात. पावसाच्या बाबतीत सूर्यडागांच्या अकरा वर्षांपासून अनेक लांबीची आवर्तने सुचवली गेली. वॉकर यांनी १९१४ मध्येच याविषयी सावध केले होते. पन्नास वेगवेगळ्या लांबीची आवर्तने तपासली, तर त्यांतील सर्वांत ठळक आवर्तन केवळ योगायोगानेही बरेच ठळक निघणार. म्हणून त्याची कसोटी एकट्या आवर्तनाला लावतात त्याहून कडक हवी, असे त्यांचे प्रतिपादन होते.

दुसरा सापळा चल सरासरीचा आहे. आकडे गुळगुळीत दिसावेत म्हणून ३१ वर्षांची चल सरासरी काढण्याचा प्रघात आहे. लागोपाठच्या दोन सरासऱ्यांत ३१ पैकी ३० वर्षे समान असतात. मूळ श्रेणी पूर्ण यादृच्छिक असली, तरी या सरासऱ्यांचा स्वसहसंबंध ०.९७ च्या घरात जातो आणि आलेखावर संथ, भारदस्त लाटा उमटतात. यूल आणि रशियन संख्याशास्त्रज्ञ येव्गेनी स्लुत्स्की यांनी १९२० च्या दशकात हा परिणाम स्वतंत्रपणे दाखवून दिला.

तथापि प्रत्येक संथ लाट आभासीच असते, असेही म्हणता येत नाही. १९६५ ते १९८७ या २३ वर्षांत दहा अवर्षणे झाली. त्याआधीच्या चार दशकांत ती अगदी मोजकी होती. पावसाळ्यांच्या सरासरीत दशकांच्या प्रमाणावर शुष्क आणि आर्द्र कालखंड आलटूनपालटून येतात, असे हवामान खातेही मानते. अशा संथ बदलाचा माग एका वर्षाच्या अंतराच्या गुणकात लागत नाही. तो ठरवण्यास दीडशे वर्षांच्या नोंदीही तोकड्या पडतात, कारण एवढ्या काळात असे पूर्ण फेरे जेमतेम दोन-तीन बसतात.

बहुचल अंदाजांकडे

श्रेणीत स्मृती नाही म्हटल्यावर अंदाजासाठी बाहेरचे आधार शोधावे लागतात. वॉकर यांनी नेमके तेच केले. १९८८ पासून हवामान खात्याने मूळचे पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकारी यांनी विकसित केलेले सोळा घटकांचे प्रतिमान वापरले. ते अनेक वर्षे टिकले. २००२ साली मात्र १०१ टक्के पावसाचा अंदाज असताना प्रत्यक्षात ८१ टक्केच पाऊस झाला आणि देशभर दुष्काळ पडला. गतकाळाशी उत्तम जुळणारे घटक पुढेही तसेच जुळतील याची हमी नसते, हा वॉकर यांचा जुना इशारा येथे लागू पडला. त्यानंतर प्रतिमान बदलण्यात आले, आणि २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मान्सून मोहिमेपासून समुद्र व वातावरण यांचे एकत्रित गणित संगणकावर मांडणाऱ्या पद्धतींचा वापर वाढत गेला. या पद्धतींचे बळही अखेर समुद्राच्या स्मृतीतच आहे.

वापर आणि पडताळणी

जेथे साठा असतो, सवय असते किंवा ऋतुमान ठाम असते, तेथे एकचल प्रतिमाने उत्तम चालतात. विजेची मागणी, धरणसाठा, भूजलपातळी, रेल्वेची प्रवासीसंख्या ही त्यांची उदाहरणे होत. १९५७ मध्ये चार्ल्स होल्ट आणि १९६० मध्ये पीटर विंटर्स यांनी मांडलेली घातीय समकरणाची पद्धत यांपैकी कित्येक ठिकाणी पुरेशी पडते. तीत अलीकडच्या नोंदींना अधिक आणि जुन्या नोंदींना क्रमशः कमी भार दिला जातो. स्पायरोस माक्रिडाकिस यांनी १९८२ साली एक हजार एक श्रेणींवर घेतलेल्या स्पर्धेत अशा साध्या पद्धती किचकट पद्धतींच्या तोडीस तोड ठरल्या.

पडताळणी करताना श्रेणीचा कालक्रम मोडता येत नाही. सुरुवातीच्या वर्षांवरून प्रतिमान बांधून ते न पाहिलेल्या पुढच्या वर्षांवर तपासतात. नोंदी सरमिसळ करून त्यांचे दोन भाग केल्यास भविष्यातील माहिती प्रतिमानात झिरपते आणि निकाल अवास्तव चांगला दिसतो. तुलनेसाठी दोन ठोकळ अंदाज नेहमी सोबत ठेवले जातात: ‘दरवेळी सरासरीइतकेच’ आणि ‘मागच्या वेळेइतकेच’. धरणसाठ्याच्या रोजच्या श्रेणीत दुसऱ्या अंदाजाला मागे टाकणे कठीण असते. मोसमी पावसाच्या वार्षिक श्रेणीत हेच पहिल्या अंदाजाच्या बाबतीत खरे ठरते.